पूर्व तिमोर : दडपशाहीची चोवीस वर्षे आणि लष्करी हस्तक्षेपाचा प्रश्न

एखाद्या देशात राज्यकर्तेच जनतेवर शस्त्र उगारतात, तेव्हा बाहेरच्या जगाने काय करावे? मूक राहावे, निषेधाचे ठराव संमत करावेत, की सैन्य पाठवावे? हा प्रश्न आपल्या काळात वारंवार पुढे आला आहे. रवांडा, कोसोव्हो, इराक, लिबिया, म्यानमार ही नावे घेतली, की या वादाच्या निरनिराळ्या बाजू डोळ्यांसमोर येतात. या लेखात आम्ही एका लहानशा देशाचे उदाहरण वाचकांपुढे ठेवीत आहोत. तो देश म्हणजे पूर्व तिमोर, आजचा तिमोर-लेस्ते. फिलिपिन्सप्रमाणेच आशियातील हा कॅथलिक बहुसंख्य देश. तेथील दडपशाहीत ख्रिस्तसभेने लोकांची साथ केली, धर्मगुरू व धर्मभगिनींनी रक्त सांडले आणि अखेरीस आंतरराष्ट्रीय सैन्य उतरल्यावर हत्याकांड थांबले. त्यामुळे लष्करी हस्तक्षेप केव्हा न्याय्य ठरतो आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हे समजून घेण्यास या देशाचा इतिहास फार उपयोगी पडतो.

बेट आणि त्याची विभागणी

तिमोर हे ऑस्ट्रेलियाच्या वायव्येस असलेले बेट. सोळाव्या शतकात चंदनाच्या व्यापारासाठी पोर्तुगीज तेथे पोहोचले आणि त्यांच्याबरोबर डोमिनिकन मिशनरीही आले. पुढे डच आले. बेटाचा पश्चिम भाग डचांकडे आणि पूर्व भाग पोर्तुगीजांकडे अशी विभागणी झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या दूरच्या वसाहतीचा कारभार गोव्याच्या अधिकाराखाली चालत असे. म्हणजे १७३९ पर्यंत वसईच्या किल्ल्यावर ज्या राजसत्तेचा ध्वज होता, त्याच सत्तेचा तिमोर हा पूर्वेकडील टोकाचा मुलूख होता. डचांचा भाग पुढे स्वतंत्र इंडोनेशियात सामील झाला. पूर्व भाग मात्र १९७५ पर्यंत पोर्तुगालकडेच राहिला.

एप्रिल १९७४ मध्ये लिस्बन येथे लष्करी क्रांती होऊन हुकूमशाही संपली आणि नव्या सरकारने वसाहती सोडण्याचे धोरण स्वीकारले. पूर्व तिमोरमध्ये राजकीय पक्ष स्थापन झाले. ऑगस्ट १९७५ मध्ये त्यांपैकी दोन प्रमुख पक्षांत यादवी भडकली आणि पोर्तुगीज गव्हर्नर दिली शहर सोडून अताउरो या जवळच्या बेटावर गेले. यादवीत फ्रेटिलिन हा पक्ष विजयी झाला व त्याने २८ नोव्हेंबर १९७५ रोजी स्वातंत्र्य घोषित केले. हे स्वातंत्र्य अवघे नऊ दिवस टिकले.

आक्रमण आणि जगाचे मौन

७ डिसेंबर १९७५ रोजी इंडोनेशियाचे सैन्य दिलीत उतरले. आदल्याच दिवशी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड आणि परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर जकार्तात राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांना भेटले होते. या मोहिमेला आपला विरोध असणार नाही, असे त्यांनी सूचित केल्याचे पुढे प्रसिद्ध झालेल्या कागदपत्रांवरून स्पष्ट झाले. तो शीतयुद्धाचा काळ होता. व्हिएतनाममधील पराभव ताजा होता आणि सुहार्तो यांची राजवट साम्यवादविरोधी असल्याने पाश्चात्त्य राष्ट्रांना ती हवी होती.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २२ डिसेंबर १९७५ रोजी ३८४ क्रमांकाचा ठराव एकमताने संमत करून इंडोनेशियाला सैन्य मागे घेण्यास सांगितले. एप्रिल १९७६ मध्ये तशाच आशयाचा दुसरा ठराव झाला. त्यांची अंमलबजावणी मात्र झाली नाही. जुलै १९७६ मध्ये इंडोनेशियाने पूर्व तिमोर हा आपला सत्ताविसावा प्रांत असल्याचे जाहीर केले. संयुक्त राष्ट्रांनी हे सामिलीकरण कधीच मान्य केले नाही, परंतु शस्त्रांचा पुरवठा थांबला नाही. अमेरिकेची विमाने, ब्रिटनची विमाने इंडोनेशियाला मिळत राहिली. ऑस्ट्रेलियाने सामिलीकरणाला मान्यता दिली आणि १९८९ मध्ये तिमोर समुद्रातील तेल व वायू वाटून घेण्याचा करार इंडोनेशियाशी केला.

या काळात लोकांनी काय सोसले, याची नोंद पूर्व तिमोरच्या सत्य व समेट आयोगाने २००५ साली पूर्ण केलेल्या ‘शेगा’ या अहवालात आहे. पोर्तुगीज भाषेतील या शब्दाचा अर्थ ‘पुरे झाले’ असा होतो. १९७४ ते १९९९ या काळात संघर्षामुळे किमान १,०२,८०० मृत्यू झाले, असा आयोगाचा अंदाज आहे. त्यांपैकी सुमारे १८,६०० लोकांची हत्या झाली वा ते बेपत्ता झाले आणि सुमारे ८४,२०० लोक उपासमार व आजाराने दगावले. १९७५ मध्ये या प्रदेशाची लोकसंख्या सात लाखांच्याही आत होती. सैन्याने डोंगरांतील गावकऱ्यांना खाली आणून छावण्यांत कोंडले आणि शेती करू दिली नाही. बळींपैकी बहुसंख्य गेले ते गोळीने नव्हे, भुकेने. याच अहवालात फ्रेटिलिनच्या हातून झालेल्या हत्यांचीही नोंद आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

ख्रिस्तसभा : लोकांचा आसरा

१९७५ पूर्वी पूर्व तिमोरमधील कॅथलिकांचे प्रमाण लोकसंख्येच्या एक-तृतीयांशाहून कमी होते. १९९० च्या दशकात ते नव्वद टक्क्यांच्या आसपास पोहोचले. यामागे एक सरकारी कारण होते. इंडोनेशियाच्या नियमानुसार प्रत्येक नागरिकाला मान्यताप्राप्त धर्मांपैकी एकाची नोंद करावी लागे आणि पूर्वजांच्या परंपरागत श्रद्धेला त्यात स्थान नव्हते. परंतु तेवढ्याने हा बदल उलगडत नाही. सैन्याच्या ताब्याबाहेरची अशी एकच संस्था त्या भूमीवर उरली होती, ती म्हणजे ख्रिस्तसभा. दिली धर्मप्रांत इंडोनेशियाच्या बिशप परिषदेत सामील न करता व्हॅटिकनने थेट आपल्या अखत्यारीत ठेवला. उपासनेत पोर्तुगीज भाषेला बंदी आल्यावर धर्मगुरूंनी इंडोनेशियन भाषा न स्वीकारता लोकांची तेतुम भाषा वेदीवर आणली. ज्या भाषेला शाळेत व कचेरीत स्थान नव्हते, त्या भाषेत लोक देवाला हाक मारू लागले.

अपोस्टोलिक प्रशासक मोन्सिन्योर मार्तिन्यो दा कोश्ता लोपेस यांनी सैन्याच्या अत्याचारांविषयी उघडपणे बोलण्यास सुरुवात केली, तेव्हा त्यांच्यावर दबाव आला व १९८३ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. त्यांच्या जागी सालेशियन धर्मगुरू कार्लोस फिलिपे शिमेनेस बेलो आले. १९८९ च्या फेब्रुवारीत त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना पत्र लिहून पूर्व तिमोरमध्ये सार्वमत घ्यावे, अशी मागणी केली. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला पोप दुसरे जॉन पॉल यांनी दिलीजवळ तासी तोलू येथे मिस्साबलिदान अर्पण केले. मिस्सा संपताच तरुणांनी स्वातंत्र्याच्या घोषणा दिल्या आणि जगभरच्या पत्रकारांसमोर सुरक्षा दलांनी त्यांना मारहाण केली.

१२ नोव्हेंबर १९९१ रोजी मोतायेल चर्चमधील मिस्सेनंतर हजारो लोक मारल्या गेलेल्या एका तरुणाच्या कबरीवर फुले वाहण्यासाठी सांताक्रूझ दफनभूमीकडे निघाले. तेथे सैनिकांनी गोळीबार केला. तिमोरी संघटनांनी जमवलेल्या यादीत अडीचशेहून अधिक मृतांची नावे आहेत. या वेळी एका ब्रिटिश छायाचित्रकाराने कबरींच्या आडून केलेले चित्रीकरण देशाबाहेर पोहोचले. सोळा वर्षे जे केवळ ऐकिवात होते ते जगाने डोळ्यांनी पाहिले. १९९२ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने इंडोनेशियाच्या लष्करी प्रशिक्षणाची मदत रोखली. १९९६ चा नोबेल शांतता पुरस्कार बिशप बेलो आणि निर्वासित नेते जोसे रामोस-होर्ता यांना विभागून देण्यात आला.

येथे एक वेदनादायक गोष्टही नमूद करणे आमचे कर्तव्य आहे. बिशप बेलो यांनी २००२ मध्ये पदाचा राजीनामा दिला. अल्पवयीन मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप त्यांच्यावर २०२२ मध्ये एका डच साप्ताहिकाने प्रसिद्ध केले आणि २०२० पासून त्यांच्यावर शिस्तभंगाचे निर्बंध लादले असल्याचे व्हॅटिकनने मान्य केले. एका जनतेच्या दुःखाला वाचा फोडणारा आवाज आणि त्याच आवाजाखाली दबलेले बालकांचे दुःख, ही दोन्ही सत्ये आहेत. एकासाठी दुसरे झाकता येत नाही.

सार्वमत आणि सप्टेंबर १९९९

आशियातील आर्थिक अरिष्टानंतर मे १९९८ मध्ये सुहार्तो पायउतार झाले. त्यांचे उत्तराधिकारी हबीबी यांनी जानेवारी १९९९ मध्ये अनपेक्षितपणे घोषित केले, की पूर्व तिमोरच्या लोकांनी स्वायत्तता नाकारली तर त्यांना वेगळे होऊ दिले जाईल. ५ मे १९९९ रोजी इंडोनेशिया, पोर्तुगाल व संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार झाला. त्यात एक घातक कलम होते. मतदानाच्या काळातील सुरक्षेची जबाबदारी इंडोनेशियाच्याच दलांकडे ठेवण्यात आली. संयुक्त राष्ट्रांचे पथक निःशस्त्र होते. सैन्याने पोसलेल्या सशस्त्र टोळ्या याआधीच सक्रिय झाल्या होत्या. एप्रिलमध्ये लिकिसा येथील चर्चच्या आवारात आश्रयाला आलेल्या लोकांची त्यांनी कत्तल केली होती. धोका सर्वांना दिसत होता.

तरीही ३० ऑगस्टला ९८ टक्क्यांहून अधिक नोंदणीकृत मतदारांनी मतदान केले. ४ सप्टेंबरला निकाल जाहीर झाला. ७८.५ टक्के लोकांनी स्वायत्तता नाकारून स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला होता. त्यानंतर सूडाचा वणवा पेटला. ६ सप्टेंबरला दिलीतील बिशपांचे निवासस्थान जाळण्यात आले. त्याच दिवशी सुआई येथील चर्चमध्ये आश्रय घेतलेल्या किमान ४० लोकांची हत्या झाली. त्यांच्यासमवेत फादर हिलारियो मादेइरा, फादर फ्रान्सिस्को सोआरेस आणि फादर तार्सिसियुस देवान्तो हे तीन धर्मगुरू मारले गेले. फादर देवान्तो हे जावा बेटावरील, म्हणजे इंडोनेशियाचे नागरिक असलेले तरुण येशूसंघीय. त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळून काही आठवडेच झाले होते. ११ सप्टेंबरला दिलीत निर्वासितांची सेवा करणारे जर्मन येशूसंघीय फादर कार्ल आल्ब्रेख्त यांना गोळी घालण्यात आली.

फादर देवान्तो यांचे बलिदान एक गैरसमज दूर करते. हा लढा कॅथलिक विरुद्ध मुस्लिम असा नव्हता, तसाच तो सर्व इंडोनेशियन जनतेविरुद्धही नव्हता. इंडोनेशियातील अनेक मानवाधिकार कार्यकर्ते, विद्यार्थी व वकील तिमोरच्या बाजूने उभे राहिले होते. लढा होता तो एका लष्करी यंत्रणेशी.

१९९९ च्या हिंसाचारात बाराशे ते पंधराशे लोक मारले गेले, सुमारे अडीच लाख लोकांना पश्चिम तिमोरमध्ये जावे वा नेले गेले आणि देशातील सुमारे सत्तर टक्के इमारती व सोयीसुविधा उद्ध्वस्त झाल्या. दिलीतील संयुक्त राष्ट्रांच्या आवारात सुमारे दीड हजार लोक आश्रयाला होते. पथकाला माघारीचा आदेश मिळाल्यावर अनेक कर्मचाऱ्यांनी या लोकांना मागे ठेवून जाण्यास नकार दिला. अखेर १४ सप्टेंबरला आश्रितांनाही विमानाने ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे नेण्यात आले. याच काळात तिमोरी गनिमांनी शनाना गुस्माव यांच्या आज्ञेनुसार आपल्या छावण्यांतच थांबण्याचा संयम पाळला. त्यांनी शस्त्रे उचलली असती, तर ही यादवी असल्याचा बहाणा सैन्याला मिळाला असता.

हस्तक्षेपाचा वाद

त्या सप्टेंबरमध्ये जगापुढे तीन मते होती. पहिले मत असे, की राष्ट्राचे सार्वभौमत्व अबाधित आहे. इंडोनेशियासारख्या मोठ्या देशाशी युद्ध ओढवून घेणे हे त्याहून मोठे अरिष्ट ठरेल. दुसरे मत असे, की त्याच वर्षी मार्च ते जून या काळात नाटोने कोसोव्होसाठी सुरक्षा परिषदेच्या संमतीविना बॉम्बफेक केली, मग तिमोरलाच थांबायला का सांगता? तिसरे मत असे, की सैन्य पाठवावे. पण सुरक्षा परिषदेच्या आदेशाने व इंडोनेशियाची संमती मिळवूनच. १९९४ मध्ये रवांडात सुमारे आठ लाख लोकांची कत्तल चालू असताना संयुक्त राष्ट्रांनी आपले सैन्य कमी केले होते. ती लाज सर्वांच्या मनात ताजी होती.

प्रत्यक्षात तिसरा मार्ग स्वीकारला गेला. ९ सप्टेंबरला अमेरिकेने इंडोनेशियाशी असलेले लष्करी संबंध स्थगित केले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक यांनी मदतीबाबत इशारे दिले. सुरक्षा परिषदेचे शिष्टमंडळ जकार्ता व दिलीला गेले. १२ सप्टेंबरला हबीबी यांनी आंतरराष्ट्रीय सैन्य स्वीकारण्याची तयारी दर्शवली. १५ सप्टेंबरला सुरक्षा परिषदेने १२६४ क्रमांकाचा ठराव केला आणि २० सप्टेंबरला ऑस्ट्रेलियाचे मेजर जनरल पीटर कॉसग्रोव्ह यांच्या नेतृत्वाखालील ‘इंटरफेट’ सैन्य दिलीत उतरले. त्याचे उपसेनापती थायलंडचे होते. बावीस देशांचे सैनिक त्यात होते आणि त्यांची संख्या सुमारे अकरा हजारांपर्यंत गेली. मोठी लढाई झालीच नाही.

चोवीस वर्षे जे अशक्य म्हटले गेले, ते दबाव आणताच अवघ्या काही दिवसांत शक्य झाले, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. ज्यांच्या शस्त्रांवर व कर्जांवर जकार्ताची राजवट उभी होती, त्यांनी हात आखडता घेताच ती नमली. मग हा हात १९७५ मध्ये, १९७८ च्या उपासमारीत वा निदान मे १९९९ च्या कराराच्या वेळी का आखडला गेला नाही? सैन्य उतरले तेव्हा सुआईचे धर्मगुरू मरण पावून दोन आठवडे झाले होते. सैन्य उतरल्यानंतरही, २५ सप्टेंबरला, लोस्पालोसकडील रस्त्यावर टोळीने इटालियन धर्मभगिनी एरमिनिया कात्सानिगा, तिमोरी धर्मभगिनी सेलेस्ते दि कार्व्हाल्यो आणि त्यांच्या सहप्रवाशांची हत्या केली. त्यांत एक इंडोनेशियन पत्रकारही होता.

ख्रिस्तसभेची शिकवण

ख्रिस्तसभेची धर्मशिक्षणपोथी शस्त्रबळाच्या वापरासाठी कठोर अटी सांगते. आक्रमकाने केलेली हानी टिकाऊ, गंभीर व निश्चित असावी. इतर सर्व उपाय निष्फळ वा अव्यवहार्य ठरलेले असावेत. यशाची खरीखुरी शक्यता असावी आणि शस्त्रवापराने होणारे अरिष्ट मूळ अरिष्टाहून मोठे नसावे. या चारही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी डिसेंबर १९९२ मध्ये रोम येथे भरलेल्या पोषण परिषदेपुढे मानवतावादी हस्तक्षेप हे कर्तव्य ठरू शकते, असे सांगितले होते. १ जानेवारी २००० च्या जागतिक शांतता दिनाच्या संदेशात त्यांनी त्याच्या मर्यादाही स्पष्ट केल्या : राजनैतिक प्रयत्न संपल्यावर आक्रमकाला निःशस्त्र करणे न्याय्य व बंधनकारकही असू शकते, मात्र अशी कृती कालमर्यादित, निश्चित उद्दिष्टाची, आंतरराष्ट्रीय कायद्याला धरून आणि राष्ट्रांच्या वर असलेल्या मान्य अधिकाराच्या हमीने व्हावी. याच पोप महोदयांनी २००३ मध्ये इराकवरील युद्धाला ठाम विरोध केला व आपले दूत म्हणून कार्डिनल पिओ लागी यांना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडे पाठवले. त्यांच्या या दोन भूमिकांत आम्हांला विसंगती दिसत नाही. दोन्हींना एकच माप लावले होते. पुढे पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या परिपत्रात सावध केले, की आधुनिक शस्त्रांच्या युगात ‘न्याय्य युद्धा’चे जुने निकष लावणे अत्यंत कठीण झाले आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावरही हा विचार पुढे सरकला. २००५ च्या जागतिक शिखर परिषदेत सर्व राष्ट्रांनी ‘संरक्षणाची जबाबदारी’ हे तत्त्व मान्य केले. वंशसंहार, युद्धगुन्हे, वांशिक निर्मूलन व मानवतेविरुद्धचे गुन्हे यांपासून आपल्या जनतेचे रक्षण करणे हे प्रत्येक राज्याचे कर्तव्य आहे. राज्य त्यात उघडपणे अपयशी ठरले तर सुरक्षा परिषदेमार्फत सामूहिक कृती करता येईल. एप्रिल २००८ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी संयुक्त राष्ट्रांत या तत्त्वाचे समर्थन केले. २०११ मध्ये लिबियात त्याच्याच नावाने कारवाई झाली आणि पुढे त्या देशात अराजक माजले. तत्त्व चांगले असले, तरी उद्दिष्टाची मर्यादा ओलांडली की काय होते, याचा तो धडा ठरला.

त्यानंतरचा तिमोर

ऑक्टोबर १९९९ पासून सेर्जिओ व्हिएरा दि मेलो यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त राष्ट्रांनी कारभार पाहिला आणि २० मे २००२ रोजी देश स्वतंत्र झाला. हेच दि मेलो ऑगस्ट २००३ मध्ये बगदाद येथील बॉम्बस्फोटात बळी पडले. स्वातंत्र्यानंतर सर्व सुरळीत झाले असे नाही. २००६ मध्ये सैन्यातील फूट रस्त्यावर आली व पुन्हा बाहेरचे सैनिक बोलवावे लागले. न्यायाचा प्रश्न तर अपुराच राहिला. १९९९ च्या गुन्ह्यांसाठी जकार्ता येथील विशेष न्यायालयात अठरा जणांवर खटले चालले. अपिलांअंती सारे निर्दोष सुटले. सैन्य हत्या थांबवू शकते. न्याय मिळवून देणे त्याच्या हाती नसते.

तरीही पूर्वीचे शत्रू आज शेजारी म्हणून राहत आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिमोर-लेस्ते आसियान संघटनेचा अकरावा सदस्य झाला आणि इंडोनेशिया त्याच मेजावर बसलेला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तासी तोलू येथे मिस्साबलिदान अर्पण केले, तेव्हा सुमारे सहा लाख लोक, म्हणजे देशाची जवळजवळ निम्मी लोकसंख्या, तेथे जमली होती. १९८९ मध्ये जेथे तरुणांना मार बसला होता, तेच हे मैदान.

आपल्यासाठी बोध

फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावली, तेव्हा तेथील तरुण ‘संरक्षणाची जबाबदारी’ याच शब्दांचे फलक घेऊन रस्त्यावर उभे राहिले. त्यांच्यासाठी कोणतेही सैन्य आले नाही. अशा बातम्या वाचताना सैन्य पाठवावे की नाही, एवढाच प्रश्न आपण विचारतो. पूर्व तिमोरचा इतिहास सांगतो, की हा प्रश्न पुढे येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. त्याआधीचे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत : जुलमी राजवटीला शस्त्रे कोण विकतो, कर्ज कोण देतो, तिच्याशी तेलाचे करार कोण करतो, आणि तिच्या बळींविषयी आपण किती काळ मूक राहतो?

काइनाने देवाला विचारले होते, मी माझ्या भावाचा राखणदार आहे काय? उत्पत्तीच्या पुस्तकातील तो प्रश्न आजही राष्ट्रांपुढे उभा आहे. भावाची राखण सैन्य उतरते त्या दिवशी सुरू होत नाही. ती त्याचे नाव आपल्या प्रार्थनेत व आपल्या बोलण्यात जिवंत ठेवण्यापासून सुरू होते. सुआईच्या धर्मगुरूंनी लोकांना सोडून जाण्याचे नाकारले. त्यांच्यापाशी शस्त्र नव्हते, पण आपण कोणाचे राखणदार आहोत याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. तिमोरच्या सर्व बळींना प्रभू चिरशांती देवो आणि जेथे आज दडपशाही चालू आहे तेथील लोकांसाठी वेळीच बोलण्याचे धैर्य आपणां सर्वांना देवो, हीच आमची प्रार्थना.